वासूच्या दिव्याची फिरकी

वासू,

दिवा गेला. परवा सकाळी पुण्याचा तो माणूस आला आणि घेऊन गेला. दुकानाच्या भिंतीवर, जिथे तो खिळ्याला टांगलेला असायचा, तिथे दिव्याच्याच आकाराचा एक उजळ डाग उरला आहे. बाकी भिंत तेलाच्या हातांनी आणि अगरबत्तीच्या धुराने काळी. वहिनी म्हणाल्या, तिथं कॅलेंडर लावून टाकू. मी म्हटलं, राहू द्या काही दिवस.

तू असतास तर किंमत नंतर विचारली असतीस. आधी विचारलं असतंस, "नेला कसा बे त्यानं? पोत्यात घालून नाही ना नेला?" तर ऐक. त्याने आतून स्पंज लावलेली पेटी आणली होती, मऊ पिवळं फडकंही आणलं होतं. पण वहिनींचं समाधान होईना. त्यांनी आत जाऊन तुझा दुपट्टा आणला, तो निळ्या काठाचा, दिवा आधी त्यात गुंडाळला आणि मगच पेटीत ठेवू दिला. त्या माणसाने पेटी बंद केली. दुपट्टा आता दिव्याबरोबरच राहणार, हे त्यालाही कळलं आणि मलाही.

आता पुढचं. हे मी तुझ्याशी बोलतो आहे, पण छापायलाही देणार आहे. आपल्या गावच्या साप्ताहिकात येईल, आणि जुन्या सायकली जमवणाऱ्यांच्या त्या ग्रुपवरही तो माणूस टाकणार आहे. तुझं नाव जिथे खराब झालं तिथेच हे वाचलं गेलं पाहिजे. त्यामुळे तुला माहीत असलेल्या गोष्टीही मला मधूनमधून दुसऱ्यांसाठी सांगाव्या लागतील. तेवढा दम धर. माझं बोलणं तू जन्मभर कधी पुरं होऊ दिलं नाहीस, या वेळी ऐकून घे.

दिवा तुझ्या वडिलांचा, बळीरामकाकांचा. नांदुऱ्याच्या स्टेशनावर रुळांचं काम पाहणारा एक गोरा साहेब बदली होऊन गेला, जाताना आपली विलायती सायकल काकांना देऊन गेला. आपल्या जन्माआधीची गोष्ट. पुढे सायकल गंजली, तिची चौकट भंगारात गेली, दिवा तेवढा राहिला. पितळेचा, वर निकेलचा मुलामा. खालच्या डबीत कार्बाइडचे खडे टाकायचे, वरच्या टाकीत पाणी भरायचं. टाकीच्या डोक्यावर बोराएवढी एक फिरकी. ती पिळली की पाणी थेंबाथेंबाने कार्बाइडवर पडतं, गॅस तयार होतो आणि भिंगामागे पांढरी ज्योत उभी राहते. थेंब जास्त पडले तर ज्योत भडकते, कमी पडले तर मरते. सगळा खेळ त्या फिरकीचा.

दिव्याच्या दोन्ही अंगांना काचेचा एकेक खडा होता, एक लाल, एक हिरवा. दिवेलागणीला काका आपल्या दोघांना जळंबच्या रस्त्याने फिरवून आणायचे. तू पुढे दांड्यावर, मी मागे कॅरिअरवर. मला दिवा कधी दिसायचा नाही. काकांच्या घामेजलेल्या पाठीच्या एका बाजूने बाभळींवर लाल उजेड सरकायचा, दुसऱ्या बाजूने हिरवा. घरी आलो की तू सांगायचास, "आज दिवा लय भारी जळला." मी ठरवायचो, पुढच्या खेपेला दांड्यावर मी बसणार. कधी बसलो नाही. तू जागा सोडायचाच नाहीस.

काका गेल्यावर तू दिवा पेटवणं बंद केलंस. मी एकदा विचारलं तर म्हणालास, "त्याले बाबाचा हात लागते. माह्यानं तो भडकते." त्यानंतर दिवा वर्षातून एकदाच खाली उतरायचा, दसऱ्याला, पूजेसाठी.

तुझं सायकलचं दुकान स्टेशनाजवळ, भाड्याच्या सायकलींची रांग रस्त्यापर्यंत. मी आधी कापसाच्या जिनिंगमध्ये टर्नर, मग मागच्या गल्लीत स्वतःचं लेथ टाकलं. तुझ्या सायकलींचे एक्सल, कोन, पिना मी करायचो. पहिलीच पीन करून दिली तेव्हा तिच्या कडेला धार राहिली होती आणि तुझा अंगठा कापला. तू रागावला नाहीस. अंगठा तोंडात धरून म्हणालास, "शाल्या, तू पिना करतं का वस्तरे?" त्या दिवसापासून माझ्या लेथवरून उतरलेल्या प्रत्येक वस्तूची कड मी पॉलिशच्या कागदाने घासून गोल करत आलो. कुणी सांगितलं नसलं तरी करतो. हाताला सवयच लागली. ही गोष्ट ध्यानात ठेव, म्हणजे वाचणाऱ्यांनी ठेवावी. तू तर कधीच विसरला नव्हतास.

आणि आपलं ते सात नंबरचं भांडण. सात नंबरची सायकल तू सगळ्यांत जास्त भाड्याने दिलीस. तिची चाकं बदलली, सीट बदललं, हँडल बदललं, शेवटी चौकटही बदलली, तरी मागच्या मडगार्डवर तू पांढऱ्या रंगाने सातच लिहायचास. मी म्हणायचो, ही सात राहिलीच कुठे, तिच्यात सातचं काय उरलं आहे? तू म्हणायचास, "मंग कोनती हाय बे? आठ?" मी चिडायचो. मूळचं ते मूळचं आणि बदललेलं ते बदललेलं, हा माझा मुद्दा. तुझं म्हणणं, जी रोज सकाळी दुकानातून निघते आणि संध्याकाळी परत येते ती सात. किती वर्षं हे भांडलो आपण. ते निकाली लागलं आहे, पण त्याकडे नंतर येतो.

दसऱ्याची आपली वाटणी ठरलेली होती. माझं लेथ मी सकाळीच धुऊन पुसून घ्यायचो, त्याला कुंकू लावायचो, झेंडूचा हार घालायचो. एकदा पूजा झाली की त्या दिवशी मशीन चालवायची नाही. मग मी तुझ्या दुकानात यायचो. तू झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाजारात जायचास, मी पाने, हातोड्या, पंप आणि शेवटी दिवा रॉकेलमध्ये धुवायचो. दुपारी पूजा, मग खवा-जिलेबी.

एका वर्षी दसऱ्याला मी दिव्याची फिरकी काढून रॉकेलच्या परातीत टाकली होती. बोलता बोलता परातीतलं काळं रॉकेल नालीत ओतून दिलं. फिरकी त्याबरोबर गेली. कळलं तेव्हा मी नालीत कोपरापर्यंत हात घातला. गाळ काढून फरशीवर पसरला, बोटांनी चाळला. मिळाली नाही. तू केव्हाही परत येणार, आणि पूजेला खंडित वस्तू ठेवत नाहीत हे तूच मला सांगितलेलं. काचेला बारीक चीर गेलेला एक कंदील काकांनी पूजेतून उचलून बाजूला ठेवला होता, ते मी पाहिलं होतं.

मी गल्लीतून पळत घरी गेलो. लेथवरचा हार काढून खुंटीला अडकवला, त्याच्या फिरत्या चकवरचं कुंकू फडक्याने पुसलं आणि पूजा झालेली मशीन दसऱ्याच्या दिवशी चालू केली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. पितळेच्या तुकड्यातून फिरकी काढली. टाकीच्या भोकातले आटे मापून तसेच आटे पाडले. नवी नवी चमकत होती म्हणून तापवून तेलात बुडवली, काळपट केली. सवयीने कडही घासली. परत आलो, फिरकी बसवली, तोवर तू झेंडूचं टोपलं घेऊन आलास. म्हणालास, "हात कायले एवढे घान केले बे?" मी म्हटलं, रॉकेलनं. तू पूजा केलीस, दिव्याला हळदकुंकू वाहिलंस, डोकं टेकवलंस. मी तुझ्या शेजारी उभा राहून हात जोडले. सांगणार होतो, जिलेबी खाताना सांगू म्हटलं. मग म्हटलं उद्या. मग दरवर्षी तीच फिरकी मीच रॉकेलमध्ये धुवायला लागलो, आणि खरं सांगतो वासू, काही वर्षांनी मी स्वतःही विसरलो.

मग वहिनींचे कान गेले. शिबिरात मिळालेली कानाची मशीन शिट्टी मारायची. तू म्हणायचास, "तिच्या कानात अप गाडी आली का डाऊन, तेच समजत नाही." ती मशीन डबीत पडली. एकदा तू हसत हसत सांगितलंस, "मी तिले म्हटलं, कमल, मी मरून राह्यलो. म्हने, हाव." आम्ही सगळे हसलो. तू थांबलास आणि हळूच म्हणालास, "बोलाले कोनी राह्यलं नाही बे घरात." चांगली मशीन घ्यायची तुझ्या मनात होती. लेक देत होती, पण लेकीकडून घ्यायचं नाही हा तुझा हट्ट. आणि तेवढ्यातच लेकीने दसऱ्याच्या पूजेचा फोटो मोबाइलवर टाकला आणि पुण्याच्या माणसाचा फोन आला.

तुला आधी मस्करीच वाटली. "लोकं सोनं सोडून दिवे जमा करून राह्यले." पण त्याने फोनवरच दिव्याचं वय सांगितलं, लाल-हिरव्या खड्यांचं सांगितलं, म्हणाला असा दिवा हिंदुस्थानात फार थोड्यांकडे असेल. दुसऱ्या दोघातिघांचेही फोन आले. तू माझ्याकडे आलास. "बाबाचा दिवा देऊ का शाल्या?" मी म्हटलं, तुझी वस्तू, तू ठरव. तू म्हणालास, "बाबा असता तर म्हनला असता, दिवा पाह्याले कामाचा, कान ऐकाले. दे." आणि तू ठरवलंस.

तो आला तो दिवस तुला आठवतो तसाच मलाही. बाकावर तो, शेजारी तू, मी चहाचा कप घेऊन उभा, समोरच्या हॉटेलातली चारदोन माणसं तमाशा पाहायला आलेली. त्याने पांढरे हातमोजे घातले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आता ऑपरेशन हाये दिव्याचं." तो दिवा फिरवून फिरवून पाहत होता आणि खरोखर खूश होता. त्याने विचारलं, "काका, सगळं मूळचंच आहे ना?" तू ताठ बसलास. "बाबानं ठेवलं तसं हाये. एक पेच बदलला नाही. बापाची आन."

मला तेव्हा आठवलं. त्या क्षणी, तू आन घेतलीस तेव्हा. त्याआधी आठवलं असतं तर मी बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

त्याने फिरकी पिळून काढली, उलटी केली, भिंगाखाली धरली. मूळच्या फिरकीला खालून बनवणाऱ्याची बारीक खूण असते म्हणे. तो म्हणाला, "काका, ही नवीन आहे. आणि जुनी दिसावी म्हणून मुद्दाम काळी केली आहे." तू हात पुढे केलास. फिरकी घेतलीस आणि अंगठा तिच्या कडेवरून फिरवलास. एकदा पूर्ण गोल. मग माझ्याकडे पाहिलंस.

मी पंक्चर पाहायच्या पाण्याच्या घमेल्यात बघत होतो.

"असंन," तू म्हणालास. "माह्याच हातानं बदलली असंन कधी. याद नाही राह्यली."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाला, "मग वडिलांची शपथ कशाला घेतलीत, काका?" आणि हातमोजे काढून निघून गेला. ग्रुपवर त्याने लिहिलं की नांदुऱ्याहून दिवा आला तर तपासून घ्यावा. बाकीच्यांचे फोन आपोआप बंद झाले. हॉटेलात तुला विचारायला लागले, "वासूभाऊ, चहा ओरिजनल पाह्यजे का डुप्लिकेट?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी तिथेच होतो. मी हसलो नाही. पण कप खाली ठेवून उठलोही नाही. पुढे तू हॉटेलात येणं सोडलंस, आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणाला जुनी ट्यूब नवी म्हणून विकली नाही त्याला गाव डुप्लिकेटवाला म्हणू लागलं.

का नाही बोललो? लोकांसमोर लाज वाटली, हे खरंच. पण त्याच्या खाली दुसरंही होतं, तेही आज लिहितो. दिवा गेला नाही याचं मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. दिवा गेला असता तर दसऱ्याच्या सकाळी मी तुझ्या दुकानात कशाला आलो असतो? तेवढ्यासाठी मी वहिनींचे कान आणि तुझं नाव, दोन्ही जाऊ दिलं. मला तेव्हा ते असं स्पष्ट दिसलं नव्हतं. आता दिसतं.

तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. फक्त तुझ्या तोंडातला 'बे' गेला. मी आलो की म्हणायचास, "या शालिग्रामभाऊ, बसा." बसा. सत्तरी ओलांडलेल्या दोन म्हाताऱ्यांत एवढा मान आला की मला बाक टोचायला लागला. वहिनींना ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. त्यांनी मला एकदा विचारलं, "तुमचं भांडन झालं का? हे तुमाले 'बे' म्हनत नाहीत आताशा. बोलन्याच्या शेवटी ओठ मिटत नाहीत त्यायचे." मी मान हलवली, नाही म्हटलं.

मग तुझी छाती भरली. अकोल्याहून तुला घरी आणलं, कारण तिथे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या दुपारी वहिनी पायथ्याशी होत्या, मी उशाशी. वहिनींनी तुला चमच्याने पाणी पाजलं आणि वाटी खाली ठेवली. तू मला बोटाने जवळ बोलावलंस. मी कान तुझ्या तोंडाशी नेला. तू एवढंसं बोललास. मी ऐकलं. वहिनींनी तुझे ओठ हलताना पाहिले आणि विचारलं, "काय म्हनले?"

मी मोठ्याने म्हणालो, "पानी."

त्या उठून पाणी आणायला गेल्या. तू माझ्याकडे बघत होतास. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडं हसूच होतं, आणि ते मला रागापेक्षा जड गेलं. तिन्हीसांजेला तू गेलास. वहिनींसाठी तुझा शेवटचा शब्द पाणी. तोही माझ्या लेथवरचा.

एकदा फिरकी खोटी केली ती तुझी पूजा मोडू नये म्हणून. दुसऱ्यांदा गप्प बसलो ते लाजेने. या तिसऱ्या वेळेला तर तेवढंही कारण नव्हतं. सांगितलं असतं तर वहिनींनी विचारलं असतं, कसली फिरकी, आणि सगळं निघालं असतं. म्हणून मी एका बाईच्या हातून तिच्या नवऱ्याचं शेवटचं वाक्य काढून घेतलं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. दुपारची वेळ, वहिनी अंगणात तांदूळ निवडत होत्या, शेजारपाजारच्या बाया ओट्यावर. मी मनाशी ठरवून गेलो होतो की हळू आवाजात, नीट, शब्द जुळवून सांगायचं. आणि विसरलो होतो की वहिनींना हळू सांगता येत नाही.

"वहिनी, ती फिरकी मी केली होती."

"काय?"

"फिरकी. दिव्याची."

"कोनाची?"

"दिव्याची फिरकी मी केली होती. वासूनं नाही. वासूले माहीत नव्हतं."

तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा मी अक्षरशः ओरडत होतो. समोरच्या घरातला टीव्ही कुणीतरी बंद केला. ओट्यावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. एकदा आवाज चढलाच होता, मग मी थांबलो नाही. दसरा, नाली, हार काढलेलं लेथ, पुण्याचा माणूस, घमेलं, सगळं ओरडून सांगितलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं असेल. हॉटेलातही त्याच संध्याकाळी पोचलं. बरंच झालं. आयुष्यात एकदा माझ्या आवाजाचा तुला उपयोग झाला.

वहिनी हातातलं सूप तसंच धरून ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "आनखी काय राह्यलं?"

"त्या दिवशी वासू पानी नव्हता म्हनला."

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "पानी त्यायनं नुकतंच पेलं होतं. मी पानी आनाले गेली ते तुमी दोघं बोलान म्हनून. मंग काय म्हनले ते?"

मी तोंड उघडलं. पण वासू, ते ओरडून सांगता येईना. तू ते माझ्या कानाशी एवढ्या हळू बोलला होतास की मोठ्याने म्हटलं तर ते तुझं राहिलं नसतं.  वहिनींनी सूप मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. कान आले की सांगा," आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या दुकानातल्या टेबलाच्या काचेखालचं त्या माणसाचं कार्ड काढून पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, तुम्ही तेव्हा तिथेच उभे होतात ना? तेव्हा का नाही बोललात?" मी म्हटलं, नाही बोललो. आता बोलतोय. त्याने विचारलं, "ते काका आहेत का, मला त्यांच्याशी बोलायचं आहे." मी सांगितलं. त्यावर त्याने जे म्हटलं ते त्याचं त्याच्यापाशी राहू दे. पण ग्रुपवर त्याने स्वतः लिहिलं की शपथ खरी होती, चूक माझी झाली.

वहिनींना विचारलं, दिवा द्यायचा का? "त्यायनं देऊन टाकलाच होता," त्या म्हणाल्या. "फक्त न्यायचा राह्यला होता."

परवा तो आला तेव्हा त्याने हातमोजे घातले नाहीत. दिवा उघडला आणि खालची डबी बघून म्हणाला, "हा कुणी पेटवला होता का? मागच्या वेळी डबी अगदी स्वच्छ होती." डबीच्या तळाला जळलेल्या कार्बाइडची पांढरी राख होती. वहिनींना मी खुणेने विचारलं. त्या म्हणाल्या, "हाव. तो मानूस येऊन गेला, त्याच्यानंतरची गोष्ट. हे मागच्या अंगनात बसले होते. मले वास आला, म्हनून बाहेर आली, तं दिवा पेटला होता. लाल उजेड हौदावर, हिरवा भिंतीवर. मले पाहून हसले." गॅस वेल्डिंगवाल्याकडून तू कार्बाइड आणलं असशील. त्याने मला कधी सांगितलं नाही, तूही सांगितलं नाहीस. म्हणजे सांगितलंस, पण शेवटी.

त्या माणसाने फिरकी काढली. मला वाटलं, आता ती माझ्या हातावर ठेवेल. त्याने अंगठा तिच्या कडेवरून फिरवला, तुझ्यासारखाच, आणि पुन्हा जागेवर बसवली. "मूळची नाही असं मी लिहून ठेवीन," तो म्हणाला. "कुणी केली तेही लिहीन. पण दिव्याला हीच राहू द्या." मी म्हटलं, बदललेली वस्तू आहे, तुमच्या लोकांना चालेल का? तो म्हणाला, "दिवा तर तोच आहे ना, काका."

तेव्हा सात नंबरचं भांडण तू जिंकलास. मी लेखी देतो.

वहिनींची मशीन काल आली. त्याने दिव्याचा विसार आधीच पाठवला होता, त्यातून लेकीने अकोल्याला नेऊन, तपासून, बसवून आणली. आल्याबरोबर वहिनींनी गावाबद्दल तक्रार केली. "एवढा कलकलाट होता इथं? आनि गाड्या इतक्या जातात?" भांडी आपटली की दचकतात. स्वतःच्या बांगड्यांचा आवाज ऐकून मघाशी दोनदा हात हलवून पाहिला.

आज दुपारी मी गेलो. त्यांनी चहा दिला नाही, आधी मला तुझ्या खाटेवर बसवलं. मग उठून पंखा बंद केला, खिडकी लावली. घरात इतकी शांतता झाली की भिंतीवरचं घड्याळ मलाही ऐकू यायला लागलं. समोर पाटावर बसून म्हणाल्या, "आता सांगा भाऊजी. हळू सांगा. ते बोलले तसं."

मी त्यांच्या कानाजवळ वाकलो आणि तुझ्याएवढ्याच आवाजात म्हणालो:

"शाल्या, मी दिवा पेटवून पाह्यला. थेंब बराबर पडते बे."

 डोळे मिटून त्यांनी ते पुन्हा ऐकलं असावं, मी न म्हणताच.

"बे म्हनले?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मंग काई राह्यलं नाही," वहिनी म्हणाल्या, आणि पंखा लावायला उठल्या.